लाल टिंबं

नमस्कार श्रोतेहो. सप्टेंबर उजाडला की बँकांच्या दारावर हिंदी पंधरवड्याचा कापडी फलक झुलायला लागतो. १४ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेनं देवनागरीतल्या हिंदीला संघराज्याची राजभाषा ठरवलं, त्याची ही आठवण. राजभाषा, बरं का, राष्ट्रभाषा नव्हे. पुन्हा सांगतो, राजभाषा. १९७६ च्या राजभाषा नियमांनी हिंदीच्या वापरासाठी राज्यांचे गट पाडले, त्यात महाराष्ट्र 'ख' क्षेत्रात, त्यामुळे आमच्या परभणीच्या शाखेतही पंधरवडा व्हायचाच. निबंध, वक्तृत्व, काव्यवाचन, वर गार समोसे.

तर आमचे हेडकॅशियर. नोटा मोजताना ओठ हलायचे. नव्या पोराला वाटे आकडे चाललेत, चालायचे शेर. वडील निजामाच्या अमलात उर्दू माध्यमातून शिकलेले. आपल्याकडे घरोघरी असे आजोबा होते, जमिनीचे जुने कागदही उर्दूत. वडिलांनी तोंडी शिकवलेल्या गझला यांनी डायरीत देवनागरीत उतरवल्या होत्या. अक्षर निळ्या शाईत, आणि नुक्ते, म्हणजे अक्षराखालची टिंबं, लाल शाईत. का, तर घाईत सुटू नयेत!

काव्यवाचनाला त्यांनी सिराज औरंगाबादीची गझल म्हटली. अठराव्या शतकातला कवी, आपल्याच मराठवाड्यातला. शाखा स्तब्ध. (शेराची दुसरी ओळ यायच्या आत 'वाह' करणाऱ्याला मैफलीतून उठवावं, असं माझं जुनं मत आहे. माइकवर फुंकर मारणाऱ्यालाही. असो.) वेळ मोजायला घड्याळ माझ्या हातात होतं, ते मी बघायचंच विसरलो.

विभागीय कार्यालयातून आलेले परीक्षक म्हणाले, "यह तो उर्दू है। हिंदी सुनाइए।"

हेडकॅशियर शांतपणे म्हणाले, "साहब, आपकी तनख्वाह..."

"वेतन कहिए।"

"जी, वेतन। वह खाते में क्या होता है?"

"जमा होता है," परीक्षक बोलून गेले.

"जमा अरबी। और आप जिसे सुनाने को कह रहे हैं, वह 'हिंदी' लफ्ज फारसी। कौन सा काट दूँ?"

शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे हसले. शेवटी परीक्षकही हसले. माणूस वाईट नव्हता. वरून आलेल्या परिपत्रकाला घाबरलेला होता, एवढंच.

आता थोडं कायद्याचं, वेळ थोडाच उरलाय. संविधानाचा ३५१ वा अनुच्छेद काय म्हणतो? हिंदीनं हिंदुस्तानीची, म्हणजे हिंदी-उर्दू मिसळलेल्या बोलचालीच्या भाषेची, आणि आठव्या अनुसूचीतल्या इतर भाषांची रूपं, शैली आपलीशी करावी. आणि गरज पडेल तिथं शब्द मुख्यतः संस्कृतातून घ्यावेत. आठव्या अनुसूचीत उर्दूही आहे. कचेऱ्यांनी मागचा अर्धाच पाठ केला. हो, मागचा अर्धाच. म्हणून पैसे काढायच्या चिठ्ठीवर 'आहरण' आलं, आणि गिऱ्हाईक विचारतं, "साहेब, कोणाचं हरण झालं?"

हेडकॅशियरना तिसरं बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर टंकलेखकानं छापलं होतं, 'गजल-पाठ'. त्यांनी ते काउंटरवर ठेवलं, खिशातून लाल पेन काढलं, 'ग'खाली एक टिंब दिलं, 'ज'खाली एक, फुंकर घालून शाई वाळवली, आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला म्हणाले, "बोला, किती काढायचेत?"