जपानची गाडी आणि आपल्या बॅगा

नमस्कार श्रोतेहो. ज्यांच्या घरात वर्षानुवर्षं "एकदा जपानला जायचं" असं चाललेलं असतं आणि यंदा ते खरंच जमून येतंय, त्यांच्यासाठी आज बोलतेय. व्हिसा, बँकेचे कागद, विमानाची तिकिटं हे तुम्ही करालच. मी बोलणार आहे ती रेल्वेगाडीबद्दल आणि बॅगांबद्दल, कारण घरच्या सगळ्यांना घेऊन निघालं की तारांबळ उडते ती तिथेच.

आधी तारखा. २९ एप्रिल ते ५ मे हा तिकडचा 'गोल्डन वीक'. सगळा देश सुट्टीवर, हॉटेलं महाग, गाड्या भरलेल्या. तेव्हा ७ मेनंतर निघा. पुन्हा सांगते, ७ मेनंतर, आणि जूनचा पाऊस लागायच्या आत परत या. साकुरा, म्हणजे चेरीचं झाड, मार्चअखेरीस फुलतो, म्हणजे मुलांच्या परीक्षा चालू असताना. त्या फुलांसाठी सहल वर्षभर पुढे ढकलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आजी-आजोबांचे गुडघे साकुरासाठी थांबत नाहीत, आणि मे महिन्यातलं हिरवंगार क्योतोही तितकंच देखणं असतं.

आता एक गोष्ट ऐका. तारीख १४ नोव्हेंबर २०१७. टोकियोच्या अकिहाबारापासून त्सुकुबापर्यंत ५८ किलोमीटरची 'त्सुकुबा एक्स्प्रेस' नावाची लाइन आहे. तिच्यावर चिबा प्रांतात मिनामी-नागारेयामा हे स्टेशन. सकाळची वेळ. गाडी वेळेवर आली, माणसं उतरली, माणसं चढली. सुटायची वेळ होती ९ वाजून ४४ मिनिटं ४० सेकंद. गाडी सुटली ९ वाजून ४४ मिनिटं २० सेकंदांनी. वीस सेकंद. आणि उशिरा नाही बरं का, वीस सेकंद आधी! कंडक्टरने वेळापत्रक नीट ताडून पाहिलं नव्हतं.

प्रवाशांच्या वेळापत्रकात सेकंद नसतातच, तिथे नुसतं ९.४४ असतं. कुणीही तक्रार केली नाही. मागची गाडी चार मिनिटांनी येणारच होती. तरी कंपनीने त्याच दिवशी जाहीर निवेदन काढलं, कुठल्या स्टेशनवर, किती सेकंद, कशामुळे, हे सगळं लिहिलं आणि प्रवाशांची माफी मागितली. जगभरच्या वर्तमानपत्रांत ती बातमी छापून आली.

बरेच जण हसले. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. गाडी उशिरा आली तर माणूस फलाटावर उभा राहतो, पण त्याला गाडी मिळते. लवकर सुटली तर वेळेवर आलेल्या माणसाचीही ती चुकते. आणि त्याला पुढच्या जंक्शनवर दुसरी गाडी पकडायची असेल, तर इथली चार मिनिटं तिथे वाढत जातात. म्हणून तिथे लवकर सुटणं ही उशिरापेक्षा मोठी चूक धरली जाते.

आता ही गाडी तुमच्यासाठी थांबेल का, तुम्हीच सांगा. टोकियोहून 'नोझोमी' शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, सव्वादोन तासांत क्योतोला पोचते आणि तिथे जेमतेम एक-दोन मिनिटं उभी राहते. तेवढ्यात पाच माणसं, पाच मोठ्या बॅगा आणि आजोबांची काठी उतरवायची. म्हणून मोठ्या बॅगा सोबत नेऊच नका. हॉटेलच्या काउंटरवर 'ताक्क्यूबिन' म्हणा, म्हणजे बॅगा परस्पर पुढच्या हॉटेलात पोचवणारी कुरिअर सेवा. पुढच्या हॉटेलचं नाव, पत्ता, फोन, तिथे पोचायची तारीख आणि बुकिंग कुणाच्या नावावर आहे ते फॉर्मवर लिहा. टोकियोत सकाळी दिलेली बॅग साधारण दुसऱ्या दिवशी क्योतोला पोचते. तेव्हा एका रात्रीचे कपडे पाठीवरच्या सॅकमध्ये हवेत. पासपोर्ट आणि औषधं बॅगेत टाकू नका. पुन्हा सांगते, पासपोर्ट आणि औषधं अंगाजवळ.

बॅग न्यायचीच असेल तर घरीच टेपने मोजा. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर बॅगेच्या जागेसकट सीट आधी राखावी लागते, नाहीतर गाडीत १००० येन भरावे लागतात.

सीटची रांग तीन आणि दोन अशी असते, पाच जणांचं घर एका ओळीत मावतं. क्योतोकडे जाताना फुजी पर्वत उजवीकडे दिसतो, 'ई' सीटवरून, टोकियो सुटल्यावर पाऊण तासाच्या आत. ती सीट आजीला द्या. आणि सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येन झाला. नुसतं टोकियो-क्योतो जाऊन यायचं तर तीस हजारांच्या आत होतं, मग पास कशाला?

शाकाहारी असाल तर हे ध्यानात ठेवा: साध्या दिसणाऱ्या नूडल्सच्या पाण्यातही बहुधा 'दाशी' असतो, म्हणजे सुक्या माशांचा अर्क. मेतकूट सोबत घ्या. तिथल्या दुकानांत शिजवलेल्या भाताचं पाकीट मिळतं, मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं की मुलांचं रात्रीचं जेवण झालं.

आणि एक रात्र कोयासानला, त्या मंदिरांच्या डोंगरी गावात, राहा. तिथल्या विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये त्याचं अनावरण झालं. मंदिरातच मुक्काम करता येतो आणि 'शोजिन र्‍योरी' नावाचं पूर्ण शाकाहारी जेवण मिळतं. ओसाकाच्या नाम्बाहून गोकुराकुबाशीपर्यंत ट्रेन, तिथून चढणीची केबल कार, वर बस. मोठ्या बॅगा ओसाकाच्या हॉटेलातच ठेवून निघा. नमस्कार.