२५ डॉलरचं बदक

(अमेरिकेतल्या एका मराठी मंडळात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

अध्यक्ष आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापला आहे, 'शिकारी, हौशी मासेमार आणि आपण : वन्यजीव राखण्यात कुणाचा किती वाटा'. तिघांबद्दलही बोलणार आहे. पण आधी मला बदकांच्या शिकारीसाठी घ्यावं लागणाऱ्या एका तिकिटाची, 'डक स्टँप'ची गोष्ट सांगू द्या. ती सांगितल्याशिवाय माझं पुढचं बोलणं तुम्हाला पटायचं नाही.

या सभागृहात शिकार करणारं कुणी असेल असं वाटत नाही. मीही करत नाही. खांद्याला बंदूक लावलेला माणूस आणि पक्ष्यांचं रक्षण, या दोन गोष्टी आपल्या मनात शेजारी बसायला तयारच नसतात. शिकारी म्हटलं की आपल्याला आठवतो तो संहार. तो झालाच होता, नाकारण्यात अर्थ नाही. आभाळ झाकोळून टाकणारी प्रवासी कबुतरं या देशात होती. त्यांतली शेवटची, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. मात्र हा संहार मुख्यतः बाजारासाठी झाला. रेल्वेच्या डब्यांतून पिंपंच्या पिंपं भरून मेलेले पक्षी शहरांत जात होते, आणि त्याला ना हंगामाचं बंधन होतं ना संख्येचं. परवाना असावा, विणीच्या काळात शिकार बंद असावी, एका माणसाने दिवसाला अमुक इतकेच पक्षी मारावेत, हे नियम मागणाऱ्यांत हौशी शिकारीच पुढे होते. स्वार्थ होता का? होताच. पुढच्या वर्षी बदक उरलं नाही तर शिकार कसली करणार? मला या स्वार्थाचं वावडं नाही. ज्याला आपलं काय जाणार आहे हे नेमकं ठाऊक असतं, तो माणूस पैसे काढतो.

आता डार्लिंगसाहेबांकडे वळू. जे नॉरवूड डार्लिंग, आयोवा राज्यातल्या डे मॉइन गावचे व्यंगचित्रकार. व्यंगचित्रासाठी दोनदा पुलित्झर मिळवलेला माणूस. सही करायचे 'डिंग' अशी. पक्के रिपब्लिकन. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या 'न्यू डील'वर, म्हणजे मंदीवरच्या सरकारी योजनांवर, त्यांनी एकाहून एक बोचरी चित्रं काढली होती. सन १९३४. अमेरिकेचा मधला भाग धुळीच्या वादळांनी भाजून निघालेला, डकोटा भागातली तळी कोरडी पडलेली. उत्तरेकडची बदकं ज्या उथळ डबक्यांत अंडी घालतात, ती डबकीच नाहीत. आधीच बऱ्याच जागा शेतीसाठी चर खणून कोरड्या केलेल्या, त्यात दुष्काळ. बदकांची संख्या कोसळली. आणि अशा वेळी रूझवेल्टने वन्यजीव खात्याचा, म्हणजे तेव्हाच्या 'बायॉलॉजिकल सर्व्हे'चा प्रमुख म्हणून कुणाला बोलावलं? आपली खिल्ली उडवणाऱ्या या डार्लिंगला! दोघांचंही मला कौतुक वाटतं. एकाने विरोधकाला बोलावलं, दुसरा टेबलावर कुंचला ठेवून गेला.

त्याच वर्षी १६ मार्चला कायदा झाला. पाणपक्ष्यांची शिकार करणाऱ्या प्रत्येक प्रौढाने दरवर्षी एक डॉलरचं तिकीट विकत घ्यायचं आणि त्या पैशातून पक्ष्यांसाठी पाणथळ जमिनी घ्यायच्या. तिकिटावर चित्र हवं. डार्लिंगने शर्टाच्या घडीत धोबी घालतात त्या पुठ्ठ्यांवर घाईघाईत काही नमुने काढून दिले असं सांगतात. नंतर नीट चित्र करू असा त्यांचा विचार होता. छापखान्याने त्यातलंच एक उचललं. वाऱ्यावर पंख ताणून तळ्यात उतरणारी मॅलार्ड बदकांची जोडी. पहिल्या वर्षी सहा लाखांहून अधिक तिकिटं खपली.

पण एवढ्याने भागणार नव्हतं. डार्लिंगला जमिनी घ्यायला एकरकमी पैसा हवा होता, तोही लगेच. मग साउथ डकोटाचे सेनेटर पीटर नॉरबेक मदतीला आले. हा किस्सा डार्लिंगच्या गोष्टींत हमखास सांगितला जातो. नॉरबेक नॉर्वेजियन घराण्यातले, उच्चार अगदी जाड. सेनेटमध्ये एक विधेयक घाईने मंजूर होत होतं. नॉरबेक उठले, म्हणे तोंडातली कवळी काढून ठेवली, आणि काहीतरी पुटपुटत दुरुस्ती सुचवली. कुणाला अक्षर कळलं नाही. सज्जन म्हातारा काहीतरी मागतोय, देऊन टाका, म्हणून सगळ्यांनी हात वर केले. त्या न कळलेल्या वाक्यात साठ लाख डॉलर होते! (हशा) राष्ट्राध्यक्ष तेव्हा मासे धरायला सुट्टीवर निघालेले. सह्यांच्या गठ्ठ्यात हाही कागद होता, सही झाली. नंतर रूझवेल्टच्या लक्षात आलं, तेव्हा कुणाच्या नकळत तिजोरी लुटणारा हा एकच माणूस, असं त्यांनी डार्लिंगबद्दल गमतीने म्हटल्याचं सांगतात.

तुम्ही हसलात ते बरं वाटलं. पण त्या साठ लाखांतून जमिनी झाल्या, त्यांवर पाणी आलं, पाण्यावर बदकं आली. डार्लिंग दीड-दोन वर्षांत पद सोडून गेले, १९३६ साली देशभरच्या वन्यजीवप्रेमी संघटनांना एका छत्राखाली आणण्यात पुढे राहिले, आणि तिकीट चालूच राहिलं. आज त्याची किंमत २५ डॉलर आहे. प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट थेट जमीन घेण्यासाठी किंवा भाडेपट्ट्याने राखण्यासाठी जातात. आजवर साठ लाख एकरांच्या आसपास पाणथळ आणि गवताळ जमीन यातून राखली गेली. या जमिनींवर फक्त बदकंच असतात असं नाही. करकोचे, बगळे, बेडूक, चतुर, मधमाश्या सगळे तिथे असतात. पुराचं पाणी तिथेच मुरतं.

तिकिटासारखीच दुसरी वाट १९३७ ची, पिटमन-रॉबर्टसन कायदा. बंदुका आणि काडतुसांवर उत्पादन शुल्क आधीपासून होतं. ते पैसे सरकारी तिजोरीत नाहीसे होऊ देण्याऐवजी राज्यांच्या वन्यजीव खात्यांना द्या, अशी मागणी संवर्धनवाद्यांनी आणि शिकाऱ्यांच्या संघटनांनी केली आणि बंदुका बनवणाऱ्यांनी ती उचलून धरली. स्वतःच्या मालावरचा कर टिकावा म्हणून उद्योग पुढे येतो, असं दृश्य विरळाच. मोठ्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के. त्या कायद्यात एक कलम मला फार आवडतं : शिकारीच्या परवान्याचं उत्पन्न राज्याने वन्यजीव खात्याच्या कामाऐवजी दुसऱ्या कशावर खर्च केलं, तर हा केंद्रीय पैसा मिळणार नाही. रस्त्यासाठीसुद्धा नाही. १९५० साली मासेमारीच्या सामानासाठी तसाच कायदा झाला. गळ, रिळं, काठ्या, आमिषं यांवरचं शुल्क माशांसाठी. पुढे १९८४ साली मोटारबोटींच्या इंधनावरच्या कराचीही त्यात भर पडली. आता या बंदुकांच्या करातला मोठा वाटा शिकार न करणारे, नुसतेच नेमबाजी करणारे किंवा घरात बंदूक ठेवणारे लोक भरतात, हेही खरंच. तरी पैसा जंगलाकडे जातो.

आणि आपण? दुर्बिणी गळ्यात घालून फिरणारे?

इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हे मला खरोखर लागतं. २०१६ च्या सरकारी पाहणीत शिकारी निघाले १ कोटी १५ लाख, गळ टाकणारे साडेतीन कोटींहून अधिक, आणि पक्षी-प्राणी पाहणारे, त्यांना दाणे घालणारे, त्यांचे फोटो काढणारे तब्बल ८ कोटी ६० लाख. संख्या आपली सगळ्यांत मोठी. १९९०च्या दशकात एक प्रस्ताव आला होता : दुर्बिणी, तंबू, पाठीवरच्या पिशव्या, पक्ष्यांचे दाणे यांवर थोडासा कर लावावा, पाच टक्क्यांच्या आत, आणि ज्या प्राण्यांची शिकार होत नाही त्यांच्यासाठी तो वापरावा. सामान बनवणाऱ्या कंपन्यांनी विरोध केला, प्रस्ताव बारगळला. बंदूकवाल्यांनी स्वतःहून जो कर स्वीकारला तो दुर्बीणवाल्यांच्या बाजारपेठेने नाकारला. मला याची लाज वाटते.

मागे एका पक्षिनिरीक्षणाच्या फेरीत मी बदकाचं तिकीट दाखवलं. सोबतची एक ताई म्हणाली, "शिकाऱ्यांच्या तिकिटाला मी का पैसे देऊ?" आम्ही उभ्या होतो ते अभयारण्य त्याच तिकिटाच्या पैशातून घेतलेलं होतं. तिच्या दुर्बिणीत जो करडा बगळा होता त्याची जागा दुसऱ्या कुणीतरी विकत घेऊन दिली होती, आणि ते देताना त्याने बगळ्याचं नावही विचारलं नव्हतं. ताईंचा राग मला समजतो. पण ज्याच्या हातात बंदूक आहे त्याचे पैसे चालतात आणि आपले द्यायचे नाहीत, हे तत्त्व मला समजत नाही.

याचा परिणाम पाहायचाय? २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांचा हिशोब आला. १९७० पासून सुमारे २ अब्ज ९० कोटी पक्षी कमी झाले. माळरानावरचे पक्षी ५३ टक्क्यांनी घटले. आणि बदकं-हंस? ५६ टक्क्यांनी वाढले. एकाच खंडात, एकाच काळात. ज्यांच्यासाठी कुणी दरवर्षी पैसा बाजूला ठेवत होतं ते वाढले. मेडोलार्कसारखे पक्षी, ज्यांचं गाणं सगळ्यांना आवडतं आणि ज्यांच्यासाठी कुणी तिकीट छापत नाही, ते गेले. शेतीतले बदल, कीटकनाशकं ही कारणं आहेतच, मी सगळं खापर पैशावर फोडत नाही. पण बदकांच्या तळ्यांभोवतीही शेतीच होती.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. म्हणजे ज्यासाठी तुम्ही आलात ते आता भराभर.

शिकाऱ्यांनी काय करावं. पहिलं म्हणजे शिसं सोडावं. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर १९९१ पासून देशभर बंदी आहे, पण हरणाच्या शिकारीत बहुतेक राज्यांत शिशाची गोळी चालते. गोळी फुटते, तिचे कण आतड्यांत राहतात, शिकारी आतडी तिथेच टाकून जातो आणि कॅलिफोर्निया काँडोर नावाची गिधाडं ती खातात. १९८२ साली या जातीचे जगात २२ काँडोर उरले होते. जपून वाढवून सोडले, तरी आजही त्यांच्या मृत्यूचं मोठं कारण शिसंच. अ‍ॅरिझोनाने सक्ती न करता काँडोरच्या भागातल्या शिकाऱ्यांना शिशाविना काडतुसं मोफत दिली आणि बहुसंख्यांनी ती वापरली. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून बंदीच घातली. मला दोन्ही मार्ग मान्य आहेत. दुसरं, माहिती द्यावी. दरवर्षी निवडक शिकाऱ्यांना पोस्टाची पाकिटं जातात आणि ते मारलेल्या बदकाचा एक पंख त्यात घालून पाठवतात. पंखावरून वय आणि लिंग कळतं, पिल्लांचं प्रमाण कळतं आणि पुढच्या हंगामाचे नियम ठरवायला त्याचा उपयोग होतो. पायात कडी असलेला पक्षी मिळाला तर क्रमांक कळवायचा. हरणांना खंगवून मारणाऱ्या 'क्रॉनिक वेस्टिंग' रोगाच्या तपासणीसाठी नमुना द्यायचा. हे सगळं फुकट आहे.

गळ टाकणाऱ्यांसाठी : शिशाची छोटी वजनं नकोत. लून पक्षी अन्न दळायला तळाचे खडे गिळतो, त्यात हे वजन गेलं की मेलाच. न्यू हॅम्पशर आणि मेन राज्यांनी अशा वजनांवर बंदी आणली आहे. ब्रिटनने तर हंसांसाठी १९८७ सालीच आणली. कथिलाची, पोलादाची, टंगस्टनची वजनं मिळतात. मासा सोडायचा असेल तर उलट्या काट्याविना गळ वापरा, ओल्या हातांनी धरा, शक्यतो पाण्याबाहेर काढूच नका. उरलेलं जिवंत आमिष तळ्यात ओतू नका. आणि एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना बोट पुसा, पाणी काढा, वाळवा. १९८०च्या दशकात पंचमहासरोवरांत आलेले झेब्रा शिंपले पुढे कितीतरी तळ्यांत असेच बोटींना चिकटून पोचले.

आता आपण. मांजर घरात ठेवा. वसंतात आणि शरदात, स्थलांतराच्या रात्री अनावश्यक दिवे बंद करा. खिडकीच्या काचेवर बाहेरून दोन-दोन इंचांवर ठिपके लावा, कारण काचेवर आपटून या देशात वर्षाला कोट्यवधी पक्षी मरतात. डिसेंबरातली ख्रिसमस पक्षिगणना १९०० पासून चालू आहे, फ्रँक चॅपमन यांनी सणाच्या दिवशी पक्षी मारण्याच्या शर्यतीऐवजी मोजण्याची कल्पना मांडली तेव्हापासून. तिच्यात नाव द्या. प्राप्तिकराच्या राज्य फॉर्मवर वन्यजीवांचा रकाना असेल तर तो भरा. कोलोरॅडोने तो १९७७ साली सुरू केला, आता बऱ्याच राज्यांत आहे.

पण ही सगळी किरकोळ कामं झाली. मला खरं हवंय ते मिसूरीने केलंय. तिथल्या नागरिकांनी सह्या गोळा केल्या आणि १९७६ साली मतदान करून स्वतःवर कर लावून घेतला : विक्रीकरात एक अष्टमांश टक्का, वन्यजीव आणि जंगलांसाठी. शंभर डॉलरच्या खरेदीवर साडेबारा सेंट. शिकारी भरतो, गळवाला भरतो, बूट घेणारी आजी भरते. त्यामुळे तिथलं खातं फक्त हरीण आणि टर्कीपुरतं पाहत नाही, सरडे आणि रानफुलंही पाहतं. मिनेसोटाने २००८ साली घटनादुरुस्ती करून असंच केलं, तीन अष्टमांश टक्के, त्यात पाणी आणि कलाही. राष्ट्रीय पातळीवर असा पैसा द्यायचं विधेयक २०२२ च्या जूनमध्ये खालच्या सभागृहात मंजूर झालं, सेनेटमध्ये अडकलं. तुमच्यापैकी ज्यांना मत आहे त्यांनी आपल्या सेनेटरला हे विचारायला हवं, आणि राज्याच्या प्रतिनिधीला मिसूरीबद्दल.

तोवर तिकीट आहे. दरवर्षी १ जुलैपासून नवं लागू होतं, पुढच्या ३० जूनपर्यंत चालतं. पोस्टात मिळतं, इंटरनेटवर मिळतं, आणि जिथे प्रवेशशुल्क आहे त्या राष्ट्रीय अभयारण्यांत ते दाखवलं की आत सोडतात. शिकारीचा परवाना लागत नाही. मागे टेबलावर या वर्षीचं ठेवलं आहे, चित्र जवळून पाहा. प्रश्न घ्यायला अध्यक्ष पाच मिनिटं देतायत, तर विचारा.