साखळी तुटली, पण नेमकी कधी? सुरिनामचा केती कोती

नमस्कार मंडळी! आज दोन शब्द घेऊन आलोय: केती कोती. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम देशाच्या स्रानान भाषेत केती म्हणजे साखळी आणि कोती म्हणजे तुटली. दर १ जुलैला तिथं सुट्टी असते. राजधानी पारामारिबोत बायका कोतो हा घेरदार पोशाख घालून, डोक्याला खळ दिलेला रुमाल बांधून मिरवतात. या रुमालाला म्हणतात आंगिसा. त्याच्या घड्याही बोलतात बरं का! एका घडीचं नावच आहे 'लेत देम ताकी', म्हणजे बोलू देत त्यांना काय बोलायचं ते. किती सुंदर आहे हे!

आता तारीख बघा. १ जुलै १८६३. सुरिनाम तेव्हा डचांची वसाहत. डच सरकारनं तिथली गुलामगिरी बंद केली, तीस हजारांहून जास्त माणसं सुटली. भरपाईही दिली, माणशी ३०० गिल्डर, म्हणजे तेव्हाचं डच चलन. पण ती मालकांना! ज्यांनी चाबूक खाल्ले, त्यांच्या हातावर छदामही टेकवला नाही.

आणि सुटली म्हणजे तरी काय? १५ ते ६० वयाच्या माणसांना पुढची दहा वर्षं सरकारी देखरेखीखाली करारानं राबणं सक्तीचं होतं. मजुरी मिळायची, मालक निवडता यायचा. काम नको म्हणायची मात्र सोय नव्हती. हे लोक निघून गेले तर मळे कोण कसणार, ही मळेवाल्यांची धास्ती. म्हणजे साखळी खरी तुटली १८७३ मध्ये. म्हणून तर दीडशे वर्षांचं स्मरण २०२३ साली झालं आणि त्याच १ जुलैला डच राजानं ॲमस्टरडॅममध्ये क्षमा मागितली.

१८७३ हे साल आपल्याही ओळखीचं आहे. महात्मा फुल्यांचं 'गुलामगिरी' त्याच वर्षी आलं. अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना त्यांनी ते अर्पण केलं होतं. आणि त्याच वर्षी ५ जूनला, देखरेख संपायला महिनाही उरला नसताना, कलकत्त्याहून निघालेलं 'लाला रूख' जहाज सुरिनामला लागलं. त्यात होते हिंदुस्थानातले गिरमिटिये, पाच वर्षांच्या करारावर त्याच मळ्यांत राबायला आणलेले.

पारामारिबोत आज दोन पुतळे आहेत. एक बाबा आणि माईचा, गाठोडं घेऊन उतरलेल्या हिंदुस्थानी जोडप्याचा. दुसरा तुटलेल्या साखळ्यांच्या माणसाचा. त्याचं नाव क्वाकू. पश्चिम आफ्रिकेत बुधवारी जन्मलेल्या मुलाला हे नाव देतात. १ जुलै १८६३ ला बुधवार होता.