टेपमधला चुंबक आणि आपला पावसाळा

नमस्कार श्रोतेहो. पतसंस्थेचे हिशोब असोत की दवाखान्याची चित्रं, भरपूर माहिती वर्षानुवर्षं जपायची असेल तर चुंबकीय टेप आजही कामाची आहे. एलटीओ हा अशा टेपचा एक प्रकार; त्याच्या नवव्या पिढीच्या, म्हणजे एलटीओ-९च्या कार्ट्रिजमध्ये (टेपच्या डबीत) १०३५ मीटर पट्टी असते, जाडी फक्त ५.२ मायक्रोन, आणि तिच्यावर १८ टेराबाइट मावतात.

ही किमया पट्टीवरच्या चुंबकीय कणांची. आधीच्या टेपमध्ये लोखंड-कोबाल्टचे कण असत. धातू गंजतो, म्हणून प्रत्येक कणाला ऑक्साइडचं कवच द्यावं लागे. कण लहान करत गेलं की कवचच उरतं, चुंबक कमी पडतो. आता वापरतात ते बेरियम फेराइट मुळातच ऑक्साइड आहे, त्याला कवच लागत नाही. त्याच्या षटकोनी चकत्या साधारण २० नॅनोमीटरच्या असतात.

त्या बनवताना बेरियम, लोह आणि बोरॉनची ऑक्साइडं एकत्र वितळवून झटक्यात थंड करतात. तयार झालेली काच पुन्हा तापवली की आत स्फटिक धरतात. मग ॲसिडनं काच विरघळवायची.

खरी कसोटी पुढे आहे. चकत्या एकमेकींना ओढून भाकरीच्या चळतीसारख्या चिकटतात. अशी चळत एकाच मोठ्या कणासारखी वागते आणि वाचताना खरखर वाढते. म्हणून बारीक मण्यांच्या गिरणीत त्या बाइंडरसकट, म्हणजे कण पट्टीला धरून ठेवणाऱ्या चिकट पदार्थासकट, घोटतात. जास्त घोटलं तर चकत्याच तुटतात. कण फारच लहान झाला, तर खोलीच्या उष्णतेनंच त्याची दिशा उलटते आणि नोंद पुसली जाते.

आता आपल्याकडचं. खानापूर-बेळगावच्या पावसाळ्यात कण गंजत नाहीत, पण दमट हवेत पट्टी रुंदीत किंचित फुगते. माहितीच्या रेघा, म्हणजे ट्रॅक, ८९६०; त्या १२.६५ मिलिमीटर रुंदीत बसवलेल्या. एवढ्याशा फुगण्यानंही हेड, म्हणजे माहिती वाचणारा-लिहिणारा भाग, ट्रॅकवरून सरकू शकतं. बाइंडरलाही ओल मानवत नाही. तेव्हा टेप १६ ते २५ अंश सेल्सिअस आणि २० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवा. बाहेरून आणलेली कार्ट्रिज २४ तास ड्राइव्हच्याच, म्हणजे टेप चालवणाऱ्या यंत्राच्याच, खोलीत राहू द्या, मगच आत घाला.

आणि एलटीओ-९ची कोरी कार्ट्रिज पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह तिची मापं घेत बसतो. सरासरी ४० मिनिटं, कधी २ तासही. ड्राइव्ह अडकला असं समजून मध्येच वीज बंद करू नका.