घोडीचं लांबलचक नाव

पडद्यावर दिसतोय तो निन्टेन्डोचा वी, म्हणजे टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल. कंपनीची डिजिटल सही नसलेला प्रोग्रॅम हा चालवतच नाही. २००८ मध्ये हौशी मंडळींनी त्याला चकवलं, तेही एका घोडीच्या नावावरून.

‘झेल्डा’ मालिकेतल्या ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’मध्ये घोडीचं नाव आपण ठेवायचं असतं. सेव्ह फाइल, म्हणजे खेळ कुठवर आला ते साठवणारी फाइल, वाचताना ते नाव किती लांब आहे, हे खेळ तपासत नव्हता. मग काय, सेव्ह फाइलच घरी बनवली आणि त्यात भलंमोठं नाव कोंबलं. ते नेमलेल्या जागेत मावेना, शेजारच्या मेमरीत सांडलं. त्या गोंधळात कन्सोलचा ताबा सुटला आणि एसडी कार्डावरचा परका प्रोग्रॅम चालू झाला.

असे कंपनीला न विचारता लिहिलेले प्रोग्रॅम म्हणजे होमब्रू. आणि एकदा दार उघडलं की जुने खेळ आत शिरतातच.

त्यासाठी लागतो एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्रॅम. निन्टेन्डोच्याच १९८३ च्या फॅमिकॉम कन्सोलचा प्रोसेसर सुमारे १.७९ मेगाहर्ट्‌झचा, कामाची मेमरी जेमतेम २ केबी. वीचा प्रोसेसर ७२९ मेगाहर्ट्‌झचा. आकडे पाहून वाटतं, हातचा मळ आहे! पण यंत्राचे नुसते गुण उचलून भागत नाही, खोडीही उचलाव्या लागतात.

हे जवळून बघा. फॅमिकॉमला एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट, म्हणजे हलती चित्रं, काढता यायची. नववं गायब. म्हणून खेळ लिहिणारे दर फ्रेमला क्रम बदलायचे, सगळ्यांना आळीपाळीनं संधी मिळायची. गर्दी झाली की शत्रू लुकलुकायचे ते यामुळे. बऱ्याच एम्युलेटरांत ही मर्यादा काढता येते. काढली, लुकलुक गेली. पण काही खेळांनी एखादं पात्र लपवायला त्याच ओळीत मुद्दाम आठ जागा अडवल्या होत्या. तिथे ते पात्र आता उघडं पडतं. मला विचाराल तर लुकलुक राहू द्यावी.

कायद्याचं थोडक्यात: सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात २००० साली अमेरिकेतल्या अपील न्यायालयानं एम्युलेटर बनवणाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला. खेळांचा कॉपीराइट मात्र जागच्या जागी आहे.

आणि हा ‘डक हंट’, खेळण्यातल्या बंदुकीनं पडद्यावरची बदकं टिपायचा फॅमिकॉमचा खेळ. बंदुकीतून काहीच सुटत नसे, उलट तिच्या नळीत प्रकाश टिपणारा सेन्सर होता. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन. तो सेन्सरला दिसला, तर नेम लागला. हे गणित जुन्या काचेच्या टीव्हीचं. आजच्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटतं, त्यामुळे ती बंदूक इथे आंधळी.

एम्युलेटरमध्ये आपण माऊसनं नेम धरतो. तरी क्लिक केल्यावर नीट बघा. पडदा काळा होतो, पांढरा चौकोन येतो, जातो. समोर बंदूक नाही, हे खेळाला कुणी सांगितलेलंच नाही.