खटला मायामीत

(दृश्य : बर्फाने भरलेला रस्ता, दुतर्फा दुकानं)

अमेरिकेतलं मिशिगन राज्य. डेट्रॉइटच्या वायव्येला ड्रेटन प्लेन्स. 1979च्या जूनमध्ये दोन भागीदारांनी इथलं बर्गर किंगचं दुकान फ्रँचायझीवर, म्हणजे कंपनीचं नाव वापरून पण स्वतःच्या पैशाने, चालवायला घेतलं. करार 20 वर्षांचा. तेवढ्या काळात कंपनीला द्यायचे होते 10 लाख डॉलरहून जास्त. अर्ज त्यांनी दिला होता जवळच्या बर्मिंगहॅम गावात, कंपनीच्या विभागीय कार्यालयात. रोजची देखरेखही तिथूनच.

मंदी आली. गिऱ्हाईक घटलं, हप्ते थकले. कंपनीने करार संपवला, आणि 1981 साली दावा लावला तो इथे.

(दृश्य : मायामी, समुद्रकिनारा, न्यायालयाच्या पायऱ्या)

फ्लोरिडा राज्य, कंपनीच्या मुख्यालयाचं गाव. ड्रेटन प्लेन्सपासून गाडीने दोन हजार किलोमीटरच्याही पुढे.

दोघांचं म्हणणं साधं होतं : धंदा मिशिगनमध्ये, तर भांडणही मिशिगनमध्ये. करारावर फ्लोरिडाचा कायदा लागू होता, हे खरं. पण त्यामुळे सगळे दावे फ्लोरिडातच लावावे लागतील असं नाही, हेही त्याच कलमात छापलेलं होतं. तरी खटला मायामीत चालला. तीन दिवस सुनावणी, मग 2 लाख 28 हजार 875 डॉलर भरण्याचा आदेश. वरच्या न्यायालयात तो रद्द झाला. 20 मे 1985 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र निकाल कंपनीच्या बाजूने दिला. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलं, की मायामीतल्या कंपनीशी 20 वर्षांचं नातं जोडणाऱ्याला तिथे उत्तर द्यावं लागू शकतं. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांना यात उघड अन्याय दिसला. गावापुरतं दुकान चालवणाऱ्याने परराज्यातल्या खटल्याची तयारी कुठून ठेवायची?

(दृश्य : टेबलावर जाडजूड दस्तऐवज, पानं उलटणारा हात)

आज फ्रँचायझी घेणाऱ्याच्या हातात सही करण्याच्या किमान 14 दिवस आधी कंपनीला हा माहितीचा दस्तऐवज द्यावा लागतो. त्यातलं 17वं प्रकरण म्हणजे एक लांबलचक तक्ता. बोट खाली न्या, अगदी शेवटाकडे. ही ओळ पाहा : खटला कुठे चालणार. समोर बहुतेक वेळा कंपनीच्या मुख्यालयाचं गाव असतं. विमानाचं तिकीट, परगावचा वकील, बंद पडलेलं दुकान. एवढ्यानेच अर्धी माणसं मिळेल त्या तडजोडीवर सही करतात, असं आम्हाला वाटतं.

राज्यांनी हे ओळखलं. कॅलिफोर्नियात चालणाऱ्या फ्रँचायझीचा खटला राज्याबाहेरच चालवायचा, अशी अट तिथला कायदा रद्दबातल धरतो. इलिनॉयमध्येही तसंच, फक्त लवाद, म्हणजे न्यायालयाबाहेर त्रयस्थाने केलेला निवाडा, वगळून. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1996मध्ये सांगितलं, की फ्रँचायझीच्या करारातली अशी अट मुळात अवैधच मानायची. ती टिकवायची असेल तर टिकवण्याचं ओझं कंपनीवर.

लवाद हीच फट आहे. मोंटाना राज्यातल्या ग्रेट फॉल्सचं सबवे या सँडविच कंपनीचं एक दुकान. तिथल्या करारात लवाद ठेवला होता कनेटिकटमध्ये, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. मोंटानाचा कायदा म्हणत होता, लवादाची अट पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरांत, अधोरेखित हवी. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा बाजूला सारला, कारण 1925चा केंद्रीय लवाद कायदा त्याच्या वर.

(दृश्य : दस्तऐवजातलं एक पान, जवळून)

हे मिशिगनचं पान, ठळक अक्षरांत. पुढे दिलेल्या अन्यायकारक अटी करारात असल्या तरी त्या शून्य आहेत, तुमच्यावर लादता येणार नाहीत, असं राज्य इथे सांगतं. यादीत ही अटही आहे : खटला किंवा लवाद राज्याबाहेर चालवण्याची.

आता कॅमेरा थोडा खाली. काही कंपन्या याच पानाखाली आपली ओळ छापतात : लवादाबाबतचं हे कलम आम्हाला बांधील नाही, असं आमचं मत आहे.