बादलीतले काडू

नमस्कार मंडळी. मे महिन्यात नदीकाठी काडू, म्हणजे आपलं गांडूळ, शोधून बघितलंय कधी? हातभर खणा, एक मिळत नाही. जमीन तापली की ते खोल जाऊन वेटोळं करून पडून राहतात. म्हणून सांगतो, गरवायची, म्हणजे गळाने मासे धरायची, हौस असेल तर काडू घरीच पाळा. अंगणातले खणून आणलेले नकोत हं, ते खोल मातीतले, बादलीत टिकत नाहीत. गांडूळखतवाल्यांकडचे लाल नाहीतर आफ्रिकन आणा, आफ्रिकन जाड असतात, गळाला ओवायला बरे.

आता माझी गोष्ट ऐका. कणकवलीजवळ, गड नदीच्या काठी मामाचं घर. पहिल्यांदा पाळले तेव्हा मी गोठ्यातलं ताजं शेण बादलीत भरलं, वर काडू सोडले, गोणपाट टाकलं आणि झोपलो. रात्री आजी पाण्याला उठली, पायाला काहीतरी गार वळवळलं म्हणून तिने बॅटरी मारली तर काडू बादलीच्या काठावरून खाली, पडवीभर, पार उंबऱ्यापर्यंत! मामाने बादलीत हात घातला आणि झटकन काढला. मला म्हणाला, "तू घाल." आत चुलीतल्या राखेसारखं गरम. मग आम्ही तिघं बॅटरीच्या उजेडात काडू वेचत बसलो, आजी एकेक उचलून करवंटीत टाकत होती, मामाने परसातलं जुनं शेण आणलं. निम्मे जगले. त्यातलाच एक लावून पुढच्या पंधरवड्यात रात्री कोंडीत, म्हणजे नदीतल्या खोल डोहात, गरी टाकली आणि हातभर लांब वाम मासा लागला, आजीने तिखलं केलं, ती चव अजून जिभेवर आहे.

तर ताजं शेण नको. परत सांगतो, ताजं शेण नको, कुजताना तापतं. पंधरा-वीस दिवस सावलीत ठेवलेलं घ्या. ओल किती? मूठ दाबली तर एक-दोन थेंब. काडू कातडीने श्वास घेतो, सुकला की मेला, म्हणून पाणी शिंपडत राहा, पण तळाला भोकं हवीत. लिंबू, मीठ, तेलकट नको. दीड-दोन महिन्यांत पिल्लं गळाला लावण्याजोगी होतात.

आणि वलगणीला, म्हणजे पहिल्या पावसात मासे अंडी घालायला वर चढतात तेव्हा, ते चढणीचे गाबोळीवाले, पोटात अंडी असलेले मासे मारू नका हो, जीव तुटतो बघून. मासे मारायला नदीत ब्लीचिंग पावडर ओतणाऱ्याला तर गावाने काठावर उभं करू नये, अख्खी कोंड मरते.

गरवायला जाताना काडू ओल्या खतासकट करवंटीत घ्या, वर केळीचं पान. उरलेले नदीकाठी सोडू नका, घरी आणून परत बादलीत टाका.